उन्हातलं काम आणि अंगातलं पाणी: किती, कधी, आणि मिठाचं काय?

कडूनिंब

‘दिवसाला आठ ग्लास’ हा हिशोब पंख्याखाली बसणाऱ्यालाही धड लागू पडत नाही. मे महिन्यात ब्रह्मपुरीला ४५ अंशांत स्लॅबवर उभ्या असलेल्या माणसाला तर नाहीच नाही. अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली मोठ्या माणसाला रोज अडीच लिटर पाणी सांगितलं होतं आणि लगेच पुढे म्हटलं होतं की यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य गळालं, आकडा तेवढा फिरत राहिला.

हा धागा उन्हात सलग चार ते आठ तास घाम गाळणाऱ्यांसाठी आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्यांसाठी आहे. बांधकाम, खुरपणी, ऊसतोड, रस्त्याची कामं, डिलिव्हरी. बाकीच्यांनी तहान लागली की प्यावं, लघवीचा रंग फिका पिवळा ठेवावा, एवढं पुरे.

आधी घाम मोजा. १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा घ्या. कामाला लागण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. दोन तास काम झालं की अंग पुसून, घामेजलेले कपडे काढून पुन्हा वजन करा. ओले कपडे अंगावर ठेवलेत तर कपड्यात मुरलेला घाम तुमच्याच वजनात धरला जातो आणि आकडा कमी येतो. जेवढं वजन घटलं त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा, मधे झालेली लघवी वजा करा. सकाळी ६२.० किलो, दोन तासांनी ६१.२, मधे एक लिटर पाणी पोटात गेलं, लघवी नाही. म्हणजे घाम १.८ लिटर, तासाला ९०० मिली. एक किलो घट म्हणजे एक लिटर पाणी, हे गणित व्यवहाराला पुरेसं आहे.

उन्हाळ्यात मध्यम कष्टाच्या कामाला तासाला पाऊण ते सव्वा लिटर घाम जातो, घमेली वाहण्यासारख्या कामाला दीडच्या पुढेही. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं सव्वा लिटर, की कामाचा वेग आणि लक्ष दोन्ही घसरायला लागतं. परांचीवर आणि मचाणावर काम करणाऱ्याचं लक्ष घसरणं म्हणजे काय ते सांगायला नको.

आता कधी प्यायचं. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, साधारण २०० ते २५० मिली. दुपारच्या सुट्टीत एकदम तांब्यावर तांब्या पाणी रिचवून भागत नाही, कारण पोटातून आतड्यात आणि तिथून रक्तात तासाला साधारण एक लिटरच पाणी जातं. उरलेलं पोटात डुचमळत राहतं, मळमळ होते आणि माणूस पुढे प्यायचंच टाळतो. वरची हद्द तासाला १.४ लिटर. तासाला दोन लिटर घाम जात असेल तर पिऊन ती तूट भरून निघत नाही. तिथे काम हलकं करणं, सावली आणि कामाची वेळ बदलणं हाच उपाय. पहाटे ५ ला सुरू करून ११ ला थांबवलेलं काम कुठल्याही सरबतापेक्षा जास्त पाणी वाचवतं.

कामाला निघण्याआधी दोन तास अर्धा लिटर. संध्याकाळी घरी वजन सकाळपेक्षा जेवढं कमी, त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी रात्रीपर्यंत, जेवणासोबत. दीडपट यासाठी की प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच.

रानमोगरा

उत्तम धागा. मुद्द्याला धरून एक शंका: मीठ घालायचं की नाही? साइटवर कोणी मिठाच्या गोळ्या वाटतं, कोणी ग्लुकोजची भुकटी, कोणी म्हणतं साधंच पाणी भरपूर प्या.

कडूनिंब

मिठाच्या गोळ्या नकोत. पोटात एका जागी मिठाचा साठा होतो, उलटी होते आणि आतलं पाणी उलट आतड्याकडे खेचलं जातं. नुसत्या ग्लुकोजच्या भुकटीत कामाला पुरेल एवढं सोडियम नसतं. ‘साधंच भरपूर’ याबद्दल खाली कोणीतरी डॉक्टरी माहिती देईलच.

हिशोब असा. एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. माणसामाणसात फरक खूप. ज्याच्या शर्टवर पांढरे खारट डाग उमटतात, त्याचं जास्त जातं. दिवसात पाच लिटर घाम म्हणजे बारा-तेरा ग्रॅम मीठ. ऐकायला भयंकर वाटतं, पण भाकरी, भाजी, ठेचा, लोणचं आणि ताक असं दोनदा पोटभर जेवणारा माणूस त्यातलं बरंचसं जेवणातून घेतो. म्हणून जेवण होत असेल आणि उन्हाची सवय झालेली असेल तर दिवसभर साधं पाणी आणि मधे एकदा खारं ताक पुरतं. मिठाचं पेय लागतं ते तीन प्रसंगी: काम सलग दोन-तीन तासांपेक्षा जास्त आणि मधे खाणं नाही, उन्हाळ्यातला पहिला आठवडा, किंवा उपास. (चैत्र-वैशाखात निर्जळी धरून कामावर येणाऱ्याला त्या दिवशी सावलीतलं काम द्या. वाद घालत बसू नका.)

पहिल्या आठवड्याचं कारण: उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. सवय झाली की घाम लवकर आणि जास्त येतो, पण त्यात मीठ कमी असतं. सवय नसलेल्याचं मीठही जास्त जातं आणि ताप लवकर चढतो. नवीन माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम उन्हात द्यायचं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवायचं. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचा, नायॉशचा, हा नियम आहे. आपल्याकडे नेमकं उलट होतं. नवा गडी पहिल्या दिवशी दाखवून द्यायला दुप्पट राबतो.

नाडीपरीक्षा

‘साधंच भरपूर प्या’ बद्दल. मूत्रपिंडं तासाला जेमतेम ८०० मिली ते एक लिटर जादा पाणी बाहेर टाकू शकतात. उन्हात आणि श्रमात तर शरीर पाणी धरून ठेवण्याच्या मागे असतं, त्यामुळे ही क्षमता आणखी घटते. अशा वेळी मीठ घामातून जातंय आणि वरून तासाला दीड-दोन लिटर साधं पाणी ओतलं जातंय, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. नेहमीची पातळी लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल. ती १२५ च्या खाली झपाट्याने उतरली की डोकं दुखणं, उलट्या, गोंधळ, झटके. मेंदूला सूज येते.

घोळ हा की ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात आणि सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. फरक ओळखायच्या खुणा: पाणी भरपूर प्यायलंय, पोट फुगलंय, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट झालाय, लघवी पाण्यासारखी पांढरी, वजन सकाळपेक्षा वाढलंय. यातलं काही दिसलं तर पाणी बंद आणि थेट दवाखाना.

दुसरा मुद्दा ओआरएसचा, म्हणजे जुलाबात देतात त्या मीठ-साखरेच्या द्रावणाचा. सध्या वापरात असलेलं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण एका लिटरला असं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. ग्लुकोज चवीसाठी नाही. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत ओढणारं एक वाहक प्रथिन असतं, आणि त्या दोघांमागून पाणी येतं. जुलाबातही हे दार उघडं राहतं, सगळी किमया तेवढीच. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पिंपांत हे द्रावण कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

पण हे औषध जुलाब-उलटीचं आहे. रोजच्या घामाला ते चालतं, गरज मात्र त्याहून सौम्य पेयाची असते.

ओगराळं

पुडीच्या चुका लिहून ठेवते, कारण घरोघर त्याच होतात.

मोठी पुडी (साधारण २१ ग्रॅम) एक लिटरची असते, छोटी (४ ग्रॅमच्या आसपास) एका पेल्याची, २०० मिलीची. मोठी पुडी पेल्यात ओतली की ते पाचपट घट्ट होतं. मुलांना त्याने जुलाब वाढतात, सोडियम चढतं. मोठी पुडी फोडून ‘थोडी आत्ता, थोडी नंतर’ हेही नको. भुकटीत मीठ आणि साखर सारखी मिसळून राहत नाही, शिवाय हवेने ओल धरते. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर. माप म्हणून बाजारातली एक लिटरची पाण्याची बाटली वापरा. आधी बाटलीभर पाणी भांड्यात ओता, मग पुडी. द्रावण केल्यावर उकळायचं नाही, वरून साखर घालायची नाही, २४ तासांनी उरलेलं टाकायचं.

बाजारातल्या रंगीत खोक्यांतली गोड पेयं ओआरएस नाहीत. त्यांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. खोक्याच्या मागे लिहिलेली साखर वाचा. १०० मिलीला १.३५ ग्रॅमच्या ऐवजी ८-१० ग्रॅम असेल तर ते सरबत.

पुडी नसेल तेव्हा घरचं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा बारीक मीठ. इथे चमचा म्हणजे ५ मिली. घरातले चहाचे चमचे ३ पासून ६ मिलीपर्यंत कसलेही असतात. खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर ५ मिलीची खूण असते, एकदा पाण्याने मोजून कुठला चमचा बसतो ते ठरवून तोच बाजूला ठेवा. मीठ चुकलं तर धोका, साखर चुकली तर जुलाब वाढतात. म्हणून पाजण्याआधी स्वतः चाखा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, पाणी वाढवून ‘दुरुस्त’ करू नका.

वऱ्हाडी_ठेचा

ओगराळंताई, साखरेऐवजी गूळ अन् बारीक मिठाऐवजी खडे मीठ किंवा सैंधव घेतलं तं चालते काय?

ओगराळं

गूळ चालेल, पण वजनाने, २५ ग्रॅमच्या आसपास. किसून घ्या आणि गाळा. खडे मीठ चमच्याने मोजू नका. खड्यांमधे हवा राहते, चमच्यात वजनाने कमी भरतं आणि किती कमी ते खड्याच्या आकारावर. कुटून बारीक करा, मग मोजा. सैंधव बारीक असेल तर चालतं.

‘कमी सोडियमवालं’ मीठ मात्र अजिबात नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला तर ते विषासारखं.

नाडीपरीक्षा

त्यालाच जोडून शहाळं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने थोडं, म्हणजे घामाच्या बरोबर उलट. एखादं प्यायला हरकत नाही, पण घामाची भरपाई म्हणून दिवसाला चार-पाच नकोत. मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

हृदय कमकुवत असलेले, डायलिसिसवरचे, पायाला सूज असलेले यांनी या धाग्यातला कुठलाही लिटरचा आकडा स्वतःला लावू नये. त्यांचं माप डॉक्टर ठरवतात. लघवीच्या गोळ्या किंवा मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ‘जुलाब-उलटी लागली तर कुठली गोळी थांबवायची’ हे आजच, बरे असतानाच, विचारून कागदावर लिहून घ्यावं.

मधुमेहींना जुलाबात ओआरएस चालतं का, हे दर उन्हाळ्यात विचारलं जातं. चालतं. लिटरभरात साखर १३.५ ग्रॅमच, फक्त रक्तातली साखर तपासत राहा.

तिसरा_माठ

पाणी गार असलं की लोक जास्त पितात, हा साधा पण हुकमी मुद्दा कोणी मांडला नाही. १०-१५ अंशांचं पाणी सहज जातं, उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या जारमधलं ३५ अंशांचं पाणी दोन घोटांनंतर नको होतं. गार पाण्याने घसा बसतो वगैरे चिंता कामाच्या जागी बाजूला ठेवा. बर्फ घालायचा तर बाहेरून लावा, कारखान्यातला बर्फ बऱ्याचदा पिण्याच्या पाण्याचा नसतो.

माठाचं तंत्र: नवा माठ २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, ते पाणी टाका. आतून साबण लावायचा नाही, छिद्रांत बसतो. काथ्याने घासा. सावलीत, वारं लागेल असा तिवईवर ठेवा, भोवती ओलं गोणपाट. बाहेरून शेवाळ किंवा क्षारांचा पांढरा थर धरला की छिद्रं बुजतात आणि पाणी गार होणं थांबतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठ झकास चालतो, कोकणात आणि मुंबईत फारसा नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवनच फारसं होत नाही. घामाचंही तेच. कोकणात ३४ अंशांत अंगावरून घाम ओघळतो, उडत नाही, म्हणजे पाणी जातं आणि अंग थंडही होत नाही. तापमापकाचा आकडा कमी म्हणून तिथे ढील देऊ नका.

पाणी काढायला दांड्याचं ओगराळं (ताई, तुमचं नाही!), हात बुडवायचा नाही. आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, लिंबू, कोकम, पन्हं ठेवू नका. आंबटाने तांबं उतरतं, मळमळ आणि उलट्या होतात. स्टील किंवा माती.

बांधावरून

ऊसतोडीचा उल्लेख सुरुवातीला आला म्हणून हे लिहितो. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं मोठ्या संख्येने निकामी झाली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. रोजरोज तापणं, सुकणं आणि तशातच जड काम हे त्यातलं एक मुख्य कारण मानलं जातं. तिथे पुढे पाणी, विश्रांती आणि सावली यांचा एकत्र कार्यक्रम राबवला गेला. तिन्ही एकत्र, हे महत्त्वाचं. नुसतं पाण्याचं पिंप ठेवून, काम तुकड्यावर आणि दर टनावर ठेवलं तर कोण थांबून पाणी पिणार? उचल घेतलेली जोडी दर २० मिनिटांनी कोयता खाली ठेवणार नाही. मुकादमाने शिट्टी वाजवून सगळा फड एकदम थांबवला तरच ते घडतं.

दोन गोष्टी इथल्या शिवारात हमखास चुकतात. पहिली: अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेऊन उन्हात उतरणं. पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा ज्या रसायनांच्या जोरावर टिकवतं, तीच या गोळ्या बंद पाडतात. कोरड्या अंगावर ही गोळी म्हणजे मूत्रपिंडावर घाव. गोळी लागलीच तर पॅरासिटॅमॉल, तीही जेवल्यावर आणि पाणी पिऊन.

दुसरी: बायका पाणी पीत नाहीत, कारण फडात जायला आडोसा नाही. त्यांना ‘पाणी प्या’ सांगणं म्हणजे थट्टा आहे. चार बांबू, शेडनेट, खड्डा, हात धुवायला पाणी एवढं फडाच्या कडेला उभं केलं की पाण्याचं प्रमाण आपोआप वाढतं. लघवी तुंबवून ठेवल्याने होणारा जंतुसंसर्गही टळतो.

रानमोगरा

+१. हा प्रतिसाद मूळ धाग्यात वर घ्यावा.

लघवीच्या रंगाबद्दल: बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी गर्द पिवळी होते, बीटाने लालसर. म्हणजे नुसत्या रंगावर जायचं नाही ना?

नाडीपरीक्षा

नाही. रंग, किती वेळाने झाली आणि सकाळचं वजन या तिन्हींतलं दोन बिघडलं की समजा पाणी कमी. कामाच्या वेळात चार तासांत एकदाही झाली नाही तर कमी. जड कामानंतर चहाच्या कोऱ्या अर्कासारखी झाली तर स्नायू विरघळत असण्याची शक्यता आहे, त्याच दिवशी दवाखाना.

म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते आणि त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहणं फसवं असतं, कातडी सैलच असते. जीभ आणि काख कोरडी आहे का ते बघा. रात्री उठावं लागतं म्हणून ते संध्याकाळपासून पाणी सोडतात, तर दिवसाचं बहुतेक पाणी दुपारी ४ च्या आत द्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही, फक्त अंगावरचं दूध, जास्त वेळा.

आणि हेही: उन्हात काम करणारा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो पाण्याचा प्रश्न राहिलेला नाही. तो उष्माघात. घाम येत असला तरीही. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन, कपडे सैल, अंगावर मिळेल ते पाणी सतत ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ. आधी थंड करा, मग गाडीत घाला. पॅरासिटॅमॉलचा इथे उपयोग शून्य.

वऱ्हाडी_ठेचा

सगळं पटलं. आता एकच सांगा, साइटवर २० लिटरच्या ड्रमात सौम्य पेय करायचं तं काय काय अन् किती? चमच्यात नको, वजनात सांगा.

ओगराळं

२० लिटरला: बारीक मीठ ३० ग्रॅम, साखर ६०० ग्रॅम, लिंबं १५ ते २०. म्हणजे लिटरला दीड ग्रॅम मीठ आणि तीन टक्के साखर. उसाच्या रसात किंवा बाटलीतल्या बऱ्याच थंड पेयांत साखर १० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते, ती पोटात रेंगाळते म्हणून इथे तीन.

साखर-मीठ आधी दोन लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. थेट ड्रमात टाकलं तर तळाशी बसतं, कोणाला नुसतं पाणी आणि कोणाला पाक मिळतो. मग ड्रम भरून ढवळा, लिंबू शेवटी, बिया काढून, नाहीतर दुपारपर्यंत कडवट होतं. ड्रम स्टीलचा, तोटीचा, झाकणाचा. बाजूला साध्या पाण्याचा दुसरा ड्रम हवाच. दोन पेले साधं, एक पेला हे, असं ढोबळ प्रमाण ठेवा, जेवणानंतरचा तासभर फक्त साधं. मधुमेही आणि रक्तदाबवाल्यांना साधं पाणी आणि जेवणासोबत पातळ ताक, एका वाटी दह्याला चार वाट्या पाणी.

वऱ्हाडी_ठेचा

अन् उरलं तं दुसऱ्या दिवशी?

ओगराळं

नाही. सकाळी ७ ला केलेलं दुपारी १ नंतर ठेवू नका, साखर आहे, उन्हात आंबतं. दोनदा दहा-दहा लिटर करा. तोटी रोज उघडून आतून ब्रश मारा, बुळबुळीत थर तिथेच धरतो. पाणी टँकरचं असेल तर तुरटी फिरवून भागत नाही, तुरटीने फक्त गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गाळून घ्या, मग क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. साखर, मीठ, लिंबू त्याच्यानंतर.